एरंडाच्या पानांची सावली

दुष्काळानं अंगणातली फुलझाडं नेली, आणि त्याच साली बन्सीधर मास्तरांची बायको धुरपताही गेली. पुढच्या दसऱ्यानंतर मास्तरांनी पिंगळी गावातल्या घरापुढची वाफ्याची कड उकरली अन् परभणीहून आणलेली डेलियाची रोपं लावली. गावात कुणाकडं नसलेलं ते फूल धुरपताला लय हवं होतं.

शेजारच्या मालनबाई कुंपणावरून म्हणाल्या, "मास्तर, भर उन्हात लावायलाव? आता झाकणार कोन?"

नव्या रोपाला एरंडाच्या पानाची टोपी घालून बाभळीच्या काट्यानं टाचायचं काम धुरपताचं. कोंबड्यांनी चोच मारू नये म्हणून ती काट्याचं टोक बाहेर ठेवायची. "पहिलं ऊन सोसत न्हाई लेकराला," म्हणायची.

मास्तर हातपाय धुऊन परत आले, तर सगळी रोपं झाकलेली. काट्यांची टोकं बाहेर.

"मालनबाई, तुमी झाकलं?"

"मी कशाला? अन् एरंड तरी कुठं राहिलाय गावात?"

मास्तर वाफ्याशेजारीच बसून राहिले. ऊन चढलं, माती तापली, डोकं मात्र गारच राहिलं.

त्यांनी हळूच हात डोक्यावर नेला. आधी ओला देठ लागला. मग बोटाला काटा टोचला.