चाळीस टक्के

काकडेबाईंनी बॉनेटला टेकून कुबडी उगारली आणि गाडीची पुढची काच फोडली. भोंगा कोकलू लागला. सोसायटीतली लिफ्टजवळची ती जागा दिव्यांगांसाठी राखीव होती, म्हणजे बाईंच्या तीनचाकी स्कूटरची. तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या दाभाडेनं आज सलग नवव्या दिवशी गाडी घुसवली होती.

दाभाडे दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरला. "बाई, डोकं फिरलंय का? मलाही परवाना आहे!" त्यानं फुटक्या काचेवरचं स्टिकर दाखवलं, खिशातला दाखला त्यांच्या हातात कोंबला. "उजवा गुडघा, चाळीस टक्के. सही-शिक्का आहे, वाचा!"

बाईंनी वाचला. असाच दाखला मिळवायला त्यांनी उरलेल्या एका पायावर सहा बुधवार सरकारी दवाखान्यात खेटे घातले होते.

त्यांनी दाखला दातांत धरला, भिंतीला पाठ टेकली आणि कुबडी दोन्ही हातांनी फिरवली. वीस वर्षं शाळेत कबड्डी शिकवलेल्या बाईंना उजवा गुडघा शोधावा लागला नाही.

कडकन आवाज झाला. दाभाडे गुरासारखा ओरडत कोसळला.

बाईंनी दाखला त्याच्या छातीवर टाकला. "जपून ठेव. आता खरा आहे."