रिकामी करवत

लग्नाला आठवडा झाला नव्हता तेव्हाच थोरल्या जावेनं तिला बजावलं होतं: टेबलावर लाकूड नसताना करवतीचा आवाज आला, तर हातातलं काम टाकायचं आणि घराबाहेर पडायचं. तिनं ते हसण्यावारी नेलं. कॉलेज शिकलेल्या मुलीला करवतीचा बागुलबुवा कसला दाखवता, असंही वर म्हणाली. जाऊ हसली नाही.

"हे मशीन आधी माझ्या घरी होतं," एवढंच बोलली.

आज सकाळपासून चौथी फळी वाया गेली होती. कारखाना घराला लागूनच, मध्ये नुसती चौकट. नवरा करवतीच्या टेबलावर वाकला होता. ज्या आडपट्टीला लाकूड टेकवून पात्यावर सरकवायचं, ती पट्टी काटकोनात बसता बसत नव्हती. तो काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या पात्याला लावायचा, पट्टी केसभर हलवायचा, स्क्रू आवळायचा, फळी कापायचा. मग एक तुकडा उलटा करून दुसऱ्याला भिडवायचा आणि उजेडाकडे धरायचा. काटकोन साधला असेल तर मधून उजेड येत नाही. येत होता. प्रत्येक वेळी त्याच टोकाला, तेवढाच.

"पट्टीला हात कुणी लावला?"

चार वर्षांची चिमी कोपऱ्यात भुशाचं घर बांधत होती. त्यानं हातातला तुकडा भिरकावला. तो तिच्या डोक्यावरून जाऊन भिंतीवर आपटला आणि भुशाच्या घरावर पडला. चिमी रडली नाही. कधी रडायचं नसतं ते तिला कळत होतं. चौकटीत उभ्या आईला रडण्यापेक्षा त्या न रडण्याचीच जास्त भीती वाटली.

पट्टीला काहीही झालेलं नव्हतं, हे आईला माहीत होतं. वाकडा होता तो गुण्या. मंगळवारी नवऱ्यानं भिरकावलेला तो तिच्या कानाजवळून गेला होता, चौकटीवर आदळून फरशीवर पडला होता. चौकटीतली खाच आता तिच्या खांद्याला लागत होती. बुधवारी नवरा बाहेर गेल्यावर तिनं गुण्या एका फळीच्या कडेला लावून रेघ ओढली, मग तो उलटा करून त्याच ठिपक्यातून दुसरी ओढली. दोन्ही रेघा एकमेकींवर बसायला हव्या होत्या. त्या कात्रीसारख्या फाकल्या. तिनं रेघा खोडल्या आणि गुण्या परत खिळ्याला अडकवला. सांगायचं म्हणजे मंगळवार पुन्हा काढावा लागला असता.

नवऱ्यानं चिमीला दंडाला धरून उचललं, टेबलाशी नेलं आणि तिचा हात पट्टीवर दाबला. पातं थांबलेलं होतं. बोटांपासून वीतभर अंतरावर.

"कुठं हलवलीस ते दाखव."

"तिनं नाही हलवली," आई म्हणाली. "तुमचा गुण्या वाकडा आहे."

तो हसला. माझ्या बापाचा गुण्या आहे, म्हणाला. आम्ही जन्मभर भुसा खाल्ला आणि अक्कल मात्र वही-पेनवाल्यांना, म्हणाला. पण दंड सुटला नाही. तिनं पेन्सिल उचलली, वाया गेलेली फळी ओढली आणि त्याच्या डोळ्यांदेखत दोन रेघा मारल्या. एका ठिपक्यातून निघालेल्या, टोकाला एकमेकींपासून नखभर दूर गेलेल्या.

तो बघत राहिला. सुतार होता, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. बघता बघता त्याची पकड ढिली झाली.

"चिमे," ती रोजच्या आवाजात म्हणाली, "ओट्यावरची वाटी घे आणि मोठ्या काकूंकडून साखर आण. म्हणावं, लगेच हवीय."

साखरेचा डबा सकाळीच भरलेला होता. चिमीनं एकदा आईकडे पाहिलं आणि ती गेली. वाटी उचलल्याचा आवाज आला, मग दाराचा.

"कधीपासून वाकडा आहे?"

"मंगळवारपासून."

गुण्याचं लोखंड तिच्या गालफडावर बसलं. आधी आवाज ऐकू आला, दुखणं मागून आलं. रक्ताचा थेंब फळीवर पडला, दोन रेघांच्या मधोमध. त्यानं तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिचं डोकं टेबलावर आपटलं, एकदा, मग नीट अंदाज घेऊन पुन्हा. टेबलाचं लोखंड गार होतं. तिनं हातानं टेबलाची कड धरायचा प्रयत्न केला, तर त्यानं तोच हात ओढून पट्टीला टेकवला, जशी फळी टेकवतात तसा. तीन दिवस माहीत होतं आणि तू माझी गंमत बघत बसलीस, तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. मोजमाप सांगताना असतो तसाच.

टेबलाला लागलेल्या कानातून तिला त्याच्या गुडघ्याचा धक्का कळला. बटण टेबलाखाली, गुडघ्याच्याच उंचीला होतं.

टेबलावर लाकूड नव्हतं. जावेनं सांगितलेला आवाज तिला आज पहिल्यांदा ओळखता आला.

जावेचं घर तीन दारं सोडून आहे. चिमीची पावलं लहान आहेत, आणि वाटी सांडू नये म्हणून ती रिकामी वाटीसुद्धा जपून नेते. गल्लीत कुणी मान वर केली नाही. सुताराचं घर, करवत वाजायचीच.

पण लाकूड कापताना करवत दबते, अडखळते, श्वास घेते. रिकामी करवत एका सुरात वाजत राहते. तुमच्या घराजवळ कुणी सुतार राहत असेल, तर आज जरा कान द्या. सूर बदलत नसेल, तर हातात एक वाटी घ्या आणि साखर मागायला म्हणून जा. दार नुसतं लोटलेलं असेल. हाक मारत बसू नका.