पडद्यावरचा अर्ज

बन्सीने पेढ्यांचा पुडा कॉम्प्युटरशेजारी ठेवला आणि अर्ज साहेबांनी घेतला म्हणून सांगितलं. गौतमीला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. अकरा वर्षं कंपनीत ठेक्यावर राबलेला हा तिचा बाप आता पर्मनंट होणार होता.

अर्जाचा नमुना कंपनीच्या वेबसाइटवर होता, इंग्रजीत. शिरूरच्या स्टँडजवळ ती सायबर कॅफे चालवायची. सकाळी तिथेच पडद्यावरून तिने तो बापाला मराठीत तीनदा समजावला. मग सगळा मजकूर कॉपी केला, कोऱ्या पानावर पेस्ट केला, वर नाव टाकलं. लोडशेडिंगला दोन मिनिटं उरली होती, म्हणून पुन्हा न वाचताच प्रिंट दिली. प्रिंटरमधून कागद निघाला तशी बन्सीने सही ठोकली आणि पळत कंपनीची बस गाठली.

वेबसाइटही तिच्याच हातची होती. कुणी मजकूर कॉपी केला की त्याखाली कंपनीचं नाव आपोआप चिकटावं, अशी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, तिने लिहून दिली होती. साहेबांना तेव्हा भारी कौतुक वाटलं. नावाऐवजी दुसरं काही चिकटवता येईल का, असं त्यांनी विचारलं. पोरगी हुरळली. सगळा मजकूरच बदलता येतो आणि पडद्यावर काही कळतही नाही, असं तिने सांगून टाकलं. साहेबांनी स्क्रिप्टमधली त्यासाठीची ओळ नेमकी कुठली ते विचारून घेतलं आणि तिला चहा पाजला.

बन्सी खुशीत होता. अकरा वर्षांत साहेब कधी 'बस' म्हणाले नव्हते, आज खुर्ची दिली. अर्ज वाचायलाही थांबले नाहीत, लगेच शिक्का मारला. त्याची प्रत मात्र दिली नाही.

"आन् गेटपास कुठाय, आबा?"

"त्यो काढून घेतला. म्हनले, आता ह्याचं काम न्हाई तुमाला."

गौतमीने घाईघाईने वेबसाइट उघडली. पडद्यावर अर्ज जसाच्या तसा होता, पर्मनंट करण्याची विनंती, अकरा वर्षांचा उल्लेख, सगळं जिथल्या तिथे. तिला जरा हायसं वाटलं. तरी तिने मजकूर कॉपी केला आणि कोऱ्या पानावर पेस्ट केला.

बन्सी पेढा हातात धरून मागे उभा राहिला. "वाच की पुन्यांदा. कानाला ग्वाड लागतंय."

पानावर इंग्रजीत एवढंच उतरलं होतं, 'मी राजीखुशीने आजपासून काम सोडत आहे. माझी कंपनीविरुद्ध कसलीही तक्रार नाही.'