कमिशन गिऱ्हाइकाकडे

रामहरी पोस्टमननं पाकीट महंमदच्या पुढ्यात टाकलं आणि वरच्या फळीकडं बघत म्हणाला, "त्याच बाईचं दिसतंय. परांड्याकडच्या."

महंमदनं हात पुसले, पण पाकीट काही उचललं नाही. फळीवर महिनाभर तिचं पार्सल धूळ खात पडलं होतं. 'घेतले नाही, परत' असा त्याच्यावर शेरा होता. आत आठ वर्षांच्या मुलीच्या बुटांचा जोड. पोलिओनं डावा पाय आखूड राहिलेला, म्हणून डाव्या बुटाला दीड इंच बुचाचा तळ. असला जोड भिगवणच्या बाजारात फुकट वाटायला काढला तरी दुसऱ्या कुणाच्या पायात जायचा नाही.

"नऊ रुपयासाठी माल माघारी धाडला, अन् आता कागुद लिवतीय," महंमद म्हणाला. "वाच गं शबीना. बघू तरी काय म्हणती."

शबीना बारामतीला कॉमर्सला होती आणि सुट्टीच्या दिवशी बापाची पत्रं बघायची. कमिशनचं तिनंच काढलं होतं. बूट व्ही.पी.नं जायचे; तिकडचा पोस्टमन पैसे घेऊन माल द्यायचा आणि पैसे मनिऑर्डरीनं महंमदकडं यायचे. त्या मनिऑर्डरीचं कमिशन, विसाला एक रुपया, इतकी वर्षं महंमद आपल्याच अंगावर घ्यायचा. महिन्याला दहा-बारा पार्सलं, म्हणजे जवळजवळ एका जोडाचं चामडं पोस्टाच्या घशात. शेवटी एप्रिलमध्ये तिनं चिठ्ठ्या छापून आणल्या: प्रत्येक ऑर्डरसोबत दोन्ही पायांचे नवे चित्र पाठवावे. मनिऑर्डर कमिशन गिऱ्हाइकाकडे राहील.

"पण अब्बा, ज्यांचा भाव आधीच ठरलाय, त्यांचं?" तिनं तेव्हा विचारलं होतं.

"समद्यांस्नी," महंमद म्हणाला होता. त्या दिवशी त्याची कंबर फार दुखत होती. कुणाकुणाचं म्हणून सोसायचं माणसानं?

शबीनानं पाकीट फोडलं. अक्षर एका गुरुजींचं होतं.

"'श्री. महंमदभाई यांस. पार्सल परत करण्याचा कुशाबाईंचा हेतू नव्हता. आपण शिवरात्रीला एकशे ऐंशी कळवले होते, तेवढे त्यांनी जमवून ठेवले होते. पोस्टमनने एकशे एकोणनव्वद मागितले. पोस्टात पार्सल सात दिवस ठेवतात. कुशाबाईंनी गुरुवारच्या बाजारात कोंबडी विकली. तो आठवा दिवस होता.'"

शबीना थांबली. महंमदनं चष्मा काढला आणि उगाचच सदऱ्याला पुसत बसला.

"फुडं?"

"'मला सुट्टी असल्याने पत्र लिहायला उशीर झाला. कुशाबाईंना लिहिता येत नाही. त्यांची मुलगी म्हाळसा शाळेत येते, आईच्या कडेवर. तरी बूट पुन्हा पाठवावेत. पुन्हा अडचण होऊ नये म्हणून नऊ रुपये आधीच पाठवले आहेत. पार्सलवरची आपली छापील चिठ्ठी पोस्टमनने वाचून दाखवली होती, त्याप्रमाणे पाय नव्याने काढून जोडले आहेत.'"

पत्रामागं वहीचे दोन कागद होते. त्यांना टाचणीनं एक पाचाची आणि दोन दोनाच्या नोटा टोचल्या होत्या.

महंमद उठला. गुडघ्यावर हात देऊनच उठावं लागलं. फळीवरचं पार्सल त्यानं खाली घेतलं, सुतळी कापली. बूट अजून नव्यासारखे होते. बक्कल लकाकत होतं. त्यानं डावा कागद जमिनीवर पसरला आणि त्यावर डावा बूट ठेवला. पेन्सिलीची रेघ बुटाच्या कडेनं नेमकी फिरली होती. त्याचा जीव भांड्यात पडला.

"बसतोय," तो म्हणाला. "आजच धाडू. रामहरी, जरा थांब, तुझ्यासंगंच देतो."

मग त्यानं उजवा कागद पसरला, उजवा बूट ठेवला. बोटांची रेघ बुटाच्या पुढं निघाली होती. त्यानं बूट मागं सरकवला, तशी टाच बाहेर आली. पुन्हा पुढं सरकवला.

"नीट काढलं नसंल," रामहरी म्हणाला.

"नीट काढलंय. पोर वाढायची थांबती व्हय?" महंमद म्हणाला. "चांगला पाय वाढला. दुसरा हाय तितंच हाय."

चांगला पाय वाढला म्हणजे दोन्ही पायांतला फरकही वाढला. दीड इंचाचा तळ आता पुरायचा नाही. डावा बूट कागदावर बरोबर बसला, तरी म्हाळसाला उभं करायला तो कामाचा राहिला नव्हता. शिवरात्रीच्या पायांसाठी शिवलेला जोड, आणि ते पाय आता कुठंच नव्हते. तेव्हाच हातात पडला असता, तर निदान हा महिना-दीड महिना तरी ती त्यात चालली असती.

रामहरीनं पिशवी खांद्याला लावली. "येतो मग," म्हणाला आणि सायकलीकडं गेला.

शबीनानं छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला, आणि कुठं ठेवावा ते न सुचून हातातच धरून उभी राहिली. महंमदनं कातड्याचा नवा तुकडा ओढला. त्याच्यावर उजवा कागद ठेवून त्यानं रेघेच्या बाहेरून, बोटभर जागा सोडून, खडू फिरवायला घेतला.

आतून मेहबूबबीनं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "अवं, त्या बाईनं कमिशन दिलं का न्हाय शेवटी?"

"दिलं," महंमद म्हणाला. त्याचा खडू थांबला होता. "पुरं नऊ रुपयं."