बारा नोंदी

सकाळी साडेनऊला आईचं विकलेलं शिलाई मशीन टेम्पोत चढलं. निवृत्त स्टोअरकीपर बाबांनी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला लाल आकडा पुन्हा दाखवला: क्रेडिट कार्डाचं वर्षभर साचलेलं देणं. "बँकेने मागितलंय?" आईने विचारलं. "बँक विसरलीय. तिच्या लक्षात यायच्या आत फेडायचं." "धन्य आहे तुमची!" दहाला लेक आली. तिने नोंदी वाचल्या. "बाबा, दरमहा कार्डाचं बिल भरलंत, ते कुठे लिहिलंत?" "खर्चात. पैसे गेले ना!" "खर्च तर वस्तू घेतानाच लिहिलात. बिल भरलं की ते कार्डाच्या खात्यात जमा दाखवायचं, नाहीतर फेडलंत हे त्याला कळणार कसं?" तिने बारा नोंदी बदलल्या. देणं शून्य झालं. आईने रिकाम्या कोपऱ्यातली मशीनच्या तेलाची बाटली उचलली, झाकण घट्ट केलं. "लावा फोन." साडेदहापर्यंत तीनदा रिंग गेली, टेम्पोवाल्याने फोन उचललेला नाही.