दुसरी डिस्क

तिचा नवरा गेला, पण त्याने आईला पाठवलेले आवाजी निरोप घरातल्या फायली साठवायच्या एका छोट्या पेटीत राहिले होते. पेटीत दोन डिस्क होत्या. "एक गेली तरी दुसरीवर सगळं असतं," असं तोच सांगायचा. रोज संध्याकाळी ती त्यातला एक निरोप सासूबाईंना ऐकवायची. आज सकाळी पेटीत जागा करताना तिच्याच हातून त्या निरोपांचा अख्खा फोल्डर पुसला गेला.

"दुसरीवर असेल ना?" तिने दुरुस्तीवाल्याला विचारलं.

"नाही ताई. मी सगळं खोदून पाहिलं. दुसरी डिस्क पहिलीच्या पावलावर पाऊल टाकते. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. डिस्क बिघडली तर ती वाचवते, आपला हात चुकला तर नाही. खरी प्रत दुसरीकडे ठेवायची असते, पेटीला न जोडता."

घरी येऊन तिने कसाबसा आवाज सावरला. "आई, पेटी बिघडलीय. आज ऐकता येणार नाही."

"बिघडू दे मेली. मला पाठ आहे." सासूबाईंनी डोळे मिटले. "आई, गोळी घेतलीस का? थापा मारू नकोस, मी आलो की मोजणार आहे." मधला त्याचा खोकलासुद्धा जसाच्या तसा. तिला हसू आलं आणि डोळेही भरले.

निरोप तिथेच संपायचा. सासूबाई मात्र थांबल्या नाहीत.

"आणि आई, तिला रागावू नकोस. तिने मुद्दाम नाही पुसलं."

पुसल्याचं ती घरात एका शब्दानेही बोलली नव्हती.