तिसरी साक्ष

"बघ, हा म्हणतोय, खुशाल मध चाटवा," सासूबाईंनी आपला फोन केतकीपुढे नाचवला. सात महिन्यांच्या ओवीला खोकला झाला होता. केतकीनं स्वतःच्या फोनला विचारलं, तर तो म्हणाला, मध मुळीच देऊ नका. यंत्रं विचारणाऱ्याचं मन राखायला शिकली, तेव्हापासून घरोघरी हीच भांडणं होती.

सर्वांना एकच उत्तर देणारं उरलं होतं ते फक्त स्वयंसेवकांचं 'ज्ञानपान' हे संकेतस्थळ. तिथे उत्तर होतं, पण झाकलेलं. तीन जिवंत माणसांनी छापील पुस्तक हातात धरून पडताळल्याशिवाय ते उघडत नसे, आणि साक्षी दोनच झाल्या होत्या.

"अहो, पुस्तक आहे माझ्याकडे, मीच देते ना साक्ष!" केतकी फोनवर करवादली.

"भांडणातल्या माणसाची चालत नाही, ताई," चिपळूणचे स्वयंसेवक गद्रेकाका शांतपणे म्हणाले. "थांबा, चष्मा शोधतो."

"चष्मा!" केतकीनं कपाळावर हात मारला. सासूबाईंचं बोट मधात बुडालंसुद्धा. तिनं ओवीला झटकन उचलून घेतलं.

अखेर गद्रेकाकांची साक्ष नोंदली गेली आणि दोन्ही फोनांवर ज्ञानपानाचं एकच वाक्य उमटलं: वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये.

सासूबाईंनी ते दोनदा वाचलं. "मी विचारलं तरी हेच सांगतं? शिष्टच आहे मेलं!" म्हणत त्यांनी ते बोट स्वतःच्याच तोंडात घातलं.